विमानतळावरील लाउंज : थाट किती, सोय किती?

मुंबईहून युरोप, आखात आणि अमेरिकेकडे निघणारी बरीचशी विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळेत सुटतात. वाहतूक कोंडीच्या धास्तीने प्रवासी चार तास आधीच घर सोडतो. सामान सोपवून, इमिग्रेशन व सुरक्षा तपासणी आटोपून तो आत पोहोचतो, तेव्हा हाताशी दोन-अडीच तास उरलेले असतात. पुढे दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचे असेल, तर आणखी तीन ते सहा तासांची प्रतीक्षा ठरलेलीच. या वेळेचे काय करायचे, या प्रश्नाला विमान कंपन्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे लाउंज.

रेल्वे स्थानकावरील वरच्या वर्गाचे प्रतीक्षालय पाहिलेल्यांना ही कल्पना नवी नाही. फरक एवढाच, की रेल्वेचे प्रतीक्षालय बसण्यापुरते असते, तर विमान कंपनीचे लाउंज हा तिच्या जाहिरातीचा भाग असतो. लंडनची स्कायट्रॅक्स ही संस्था विमान कंपन्यांच्या वार्षिक पुरस्कारांत लाउंजसाठी स्वतंत्र गट ठेवते. मात्र, पुरस्कारांच्या यादीवरून आपल्याला कोणते लाउंज उपयोगी पडेल, हे ठरवता येत नाही. कारण पुरस्कार मिळतो तो बहुधा कंपनीच्या मुख्य तळावरील लाउंजला, आणि मुंबईचा प्रवासी प्रवास सुरू करतो तो त्या तळापासून हजारो किलोमीटर दूर. शिवाय, तिकिटावर त्या दारातून प्रवेश आहे की नाही, हा वेगळाच प्रश्न असतो.

निमंत्रितांचा क्लब

विमान कंपन्यांच्या लाउंजचा इतिहास न्यूयॉर्कपासून सुरू होतो. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये तेथील लाग्वार्डिया विमानतळावर ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ उघडला. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांची ही कल्पना. सुरुवातीला तेथे केवळ निमंत्रितांना प्रवेश होता. कंपनीला ज्यांची मर्जी राखायची, त्यांना सभासदत्व मिळे. या निवडीत भेदभाव होतो, अशी तक्रार झाल्यावर वर्गणी भरणाऱ्यांना दार उघडण्यात आले. अमेरिकेत आजही वार्षिक वर्गणी भरून लाउंजचे सभासद होता येते, ते या परंपरेमुळेच.

निमंत्रितांचा प्रकार मात्र पूर्णपणे संपलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचे ‘चेअरमन्स लाउंज’ आजही निमंत्रितांपुरते आहे. तेथील लोकप्रतिनिधींना दिल्या जाणाऱ्या सभासदत्वावरून २०२३ मध्ये जाहीर वादही झाला. ज्या कंपनीविषयी धोरण ठरवायचे, तिचाच पाहुणचार घ्यावा का, हा त्या वादातील मुख्य मुद्दा होता.

प्रवेशाचे नियम

गुणवत्तेची तुलना करण्यापूर्वी प्रवेशाचे नियम समजून घेतले पाहिजेत. लाउंजमध्ये शिरण्याचे मार्ग प्रामुख्याने तीन. पहिला मार्ग तिकिटाचा, म्हणजे बिझनेस किंवा फर्स्ट क्लासचा. दुसरा, वारंवार प्रवास केल्यामुळे मिळालेल्या वरच्या श्रेणीच्या कार्डाचा. तिसरा मार्ग पैशांचा. यात रोख शुल्क, वार्षिक सभासदत्व किंवा बँकेचे क्रेडिट कार्ड यांचा समावेश होतो.

पहिला मार्ग सर्वांत खात्रीचा समजला जातो, पण आता तोही तसा राहिलेला नाही. एमिरेट्सने २०१९ मध्ये बिझनेस क्लासचा एक स्वस्त दर आणला. त्यात आसन तेच, जेवण तेच. लाउंज मात्र वगळलेले. त्यानंतर कतार एअरवेजने ‘लाइट’ नावाने आणि फिनलंडच्या फिनएअरने २०२१ मध्ये ‘लाइट’ याच धर्तीवर दर आणले. बिझनेस क्लासचे तिकीट काढले म्हणजे लाउंज आलेच, हे गृहीत धरणाऱ्या प्रवाशाला दारातून परत फिरावे लागते ते या कारणाने. वयस्क आई-वडिलांसाठी मुले परदेशातून तिकीट काढतात, तेव्हा तर दराच्या नावाखालची बारीक अक्षरे वाचणे अगत्याचे ठरते.

दुसऱ्या मार्गात विमान कंपन्यांच्या तीन मोठ्या आघाड्या येतात. स्टार अलायन्स १९९७ मध्ये, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये स्थापन झाली. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्सची सदस्य आहे. स्टार अलायन्सचे ‘गोल्ड’ कार्ड असलेल्या प्रवाशाला त्याच दिवशी आघाडीतील कोणत्याही कंपनीच्या विमानाने निघायचे असेल, तर इकॉनॉमीचे तिकीट असतानाही लाउंज मिळते आणि त्याच विमानाने जाणारा एक सोबतीही नेता येतो. एअर इंडियाच्या वाऱ्या करून मिळवलेले कार्ड त्यामुळे फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या ‘सेनेटर’ लाउंजमध्ये चालते. वनवर्ल्डमध्ये ‘सफायर’ कार्डावर बिझनेस लाउंज आणि ‘एमराल्ड’ कार्डावर फर्स्ट क्लास लाउंज, अशी विभागणी आहे. या नियमांना अपवादही आहेत. अमेरिकी कंपन्या स्वतःच्या कार्डधारकांना केवळ देशांतर्गत प्रवासासाठी सहसा लाउंज देत नाहीत.

आखात : आकाराचा थाट

आखाती कंपन्यांचा सारा व्यवसाय विमान बदलणाऱ्या प्रवाशांवर उभा आहे. त्यांची लाउंज अवाढव्य असण्याचे कारण हेच. दुबई विमानतळाच्या टर्मिनल तीनमध्ये एमिरेट्ससाठी जानेवारी २०१३ मध्ये खुला झालेला ‘कॉनकोर्स ए’ हा एअरबस ए-३८० या दुमजली विमानांसाठीच आखला गेला. तेथील लाउंजमधून थेट विमानाच्या वरच्या मजल्यावर जाता येते. पुन्हा खाली उतरून दरवाज्यापाशी रांग लावावी लागत नाही. गुडघेदुखीच्या प्रवाशाला ही एक सोय दहा खाद्यपदार्थांपेक्षा मोलाची वाटते.

दोह्याचा हमाद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला. कतार एअरवेजचे ‘अल मुर्जान’ हे तेथील बिझनेस लाउंज सुमारे दहा हजार चौरस मीटरचे आहे.  उंच छत, मध्यभागी पाणी, वरच्या मजल्यावर उपाहारगृह, शांत खोल्या, स्नानगृहे असा त्याचा पसारा. २०२३ मध्ये विमानतळाच्या विस्तारित भागात याच नावाचे दुसरे लाउंज उघडले. ते छताखालच्या बागेवर उघडते. फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी ‘अल सफवा’ हे स्वतंत्र लाउंज आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. इकॉनॉमीचे तिकीट आणि वरच्या श्रेणीचे कार्ड असलेल्यांना दोह्यात ‘अल मुर्जान’ऐवजी वेगळ्या, साध्या लाउंजमध्ये पाठवले जाते. छायाचित्रे पाहून गेलेल्याचा हिरमोड होतो तो इथे. आकाराचा तोटाही आहेच. मध्यरात्रीनंतर अनेक विमाने एकाच वेळी उतरतात, तेव्हा स्नानगृहासाठी नाव नोंदवून थांबावे लागते.

इस्तंबूल : भटारखान्याचा वास

खाण्याच्या कसोटीवर टर्किश एअरलाइन्सचे नाव आदराने घेतले जाते. अतातुर्क विमानतळावरील तिच्या लाउंजची ही ख्याती २०१९ मध्ये सारे कामकाज नव्या इस्तंबूल विमानतळावर हलल्यानंतरही टिकली. भट्टीतून निघणारे पिदे, तव्यावर भाजलेले गोझलेमे हे पदार्थ प्रवाशासमोर तयार होतात. आपल्या पराठ्याची आठवण करून देणारे गोझलेमे चीज किंवा पालेभाजी भरूनही मिळते. त्यामुळे शाकाहारी प्रवाशाची उपासमार होत नाही. बिझनेस क्लासचे प्रवासी आणि कार्डधारक यांच्यासाठी येथेही दोन वेगळी लाउंज आहेत. मात्र दोन्हीकडच्या खाण्यात दर्जाची मोठी दरी नाही, हे या कंपनीचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

सिंगापूर आणि हाँगकाँग : दोन रीती

सेवेसाठी नावाजलेल्या सिंगापूर एअरलाइन्सने चांगी विमानतळाच्या टर्मिनल तीनमधील लाउंजचे नूतनीकरण २०२२ मध्ये पूर्ण केले. त्यासाठी सुमारे पाच कोटी सिंगापूर डॉलर खर्च झाले. येथील रचना म्हणजे श्रेणीव्यवस्थेचा नमुनाच. इकॉनॉमीतील गोल्ड कार्डधारकांसाठी ‘क्रिसफ्लायर गोल्ड’, बिझनेससाठी ‘सिल्व्हरक्रिस’, फर्स्टसाठी त्यातीलच वेगळा विभाग आणि त्याही पलीकडे ‘प्रायव्हेट रूम’. ही शेवटची खोली केवळ सिंगापूर एअरलाइन्सच्याच स्वीट व फर्स्ट क्लास प्रवाशांसाठी आहे. आघाडीतील अन्य कंपन्यांच्या फर्स्ट क्लास प्रवाशांनाही तेथे प्रवेश नाही. उलट टोकाला, नूतनीकरणापूर्वीच्या गोल्ड लाउंजमध्ये स्वतःची स्वच्छतागृहेसुद्धा नव्हती. प्रवाशाला बाहेर विमानतळाच्या स्वच्छतागृहात जावे लागे. जगातील उत्तम समजल्या जाणाऱ्या कंपनीच्याही सर्व लाउंजचा दर्जा एक नसतो, याचे हे बोलके उदाहरण.

हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकची रीत निराळी. ‘द पिअर’ या लाउंजची अंतर्गत रचना ब्रिटिश सजावटकार इल्से क्रॉफर्ड यांच्या संस्थेने केली. फर्स्ट क्लासचा विभाग २०१५ मध्ये आणि बिझनेसचा २०१६ मध्ये खुला झाला. झगमगाट टाळून लाकूड, मंद दिवे आणि घरातील बैठकीसारखी मांडणी येथे दिसते. नूडल्सचा स्वतंत्र कट्टा ही कॅथेची ओळख. मागणी नोंदवल्यावर वाडगा गरमागरम समोर येतो. पदार्थ मोजकेच, पण ताजे, हे सूत्र कंपनीने जपले आहे. शाकाहारी प्रवाशाने मात्र रश्श्यात काय आहे, हे विचारून घेतलेले बरे.

युरोप : उतरंड आणि शिस्त

लुफ्तान्साची लाउंज ‘बिझनेस’, ‘सेनेटर’ आणि ‘फर्स्ट क्लास’ अशा तीन पायऱ्यांत आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर जर्मन नेटकेपणा आढळतो. बसायला जागा, काम करायला टेबल, पाव, सूप, कोशिंबीर आणि बिअर, दिखाऊपणा नाही. तिसऱ्या पायरीवर चित्र एकदम बदलते. फ्रँकफर्टमध्ये डिसेंबर २००४ मध्ये उघडलेले ‘फर्स्ट क्लास टर्मिनल’ ही मुख्य टर्मिनलपासून वेगळी इमारतच आहे. सुरक्षा तपासणी तेथेच होते, जेवण टेबलावर येते, स्नानासाठी टब असतो आणि वेळ झाली की मोटारीने थेट विमानापाशी सोडले जाते.

ब्रिटिश एअरवेजचा मुख्य तळ म्हणजे हीथ्रोचे टर्मिनल पाच. ते मार्च २००८ मध्ये सुरू झाले. तेथेही ‘क्लब’, ‘फर्स्ट’ आणि ‘कॉन्कॉर्ड रूम’ अशी उतरंड आहे. निवृत्त झालेल्या स्वनातीत विमानाचे नाव मिरवणाऱ्या या खोलीत फर्स्ट क्लासचे तिकीट असल्याशिवाय, नुसत्या एमराल्ड कार्डावर, प्रवेश मिळत नाही. प्रतिस्पर्धी व्हर्जिन अटलांटिककडे फर्स्ट क्लासच नाही. त्यामुळे हीथ्रोच्या टर्मिनल तीनमधील तिचे ‘क्लबहाउस’ बिझनेसच्या प्रवाशाला सर्वोच्च दर्जाची वागणूक देते. जेवण मागणीनुसार टेबलावर मिळते. ज्या कंपनीत पायऱ्या कमी, तेथे मधल्या पायरीवरच्या प्रवाशाच्या वाट्याला अधिक येते, असा ठोकताळा यावरून मांडता येईल.

अमेरिका : गर्दीचा धडा

अमेरिकेतील देशांतर्गत लाउंज दीर्घकाळ बिस्किटे, चीजचे तुकडे आणि कॉफीपुरती मर्यादित होती. आंतरराष्ट्रीय स्पर्धेने हे चित्र पालटले. युनायटेड एअरलाइन्सने डिसेंबर २०१६ मध्ये शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर पहिले ‘पोलारिस’ लाउंज उघडले. टेबलावर वाढलेले जेवण, स्नानगृहे आणि आडवे होण्यासाठी दिवाण अशा सोयी तेथे आहेत. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय बिझनेस क्लास प्रवाशांनाच तेथे प्रवेश असतो. स्टार अलायन्सच्या गोल्ड कार्डधारकाला साध्या ‘युनायटेड क्लब’वर समाधान मानावे लागते. डेल्टानेही जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ‘डेल्टा वन’ लाउंज सुरू केले.

गर्दीने लाउंजचे काय होते, हे डेल्टाच्याच उदाहरणावरून कळते. क्रेडिट कार्डांमुळे ‘स्काय क्लब’च्या दारात रांगा लागू लागल्या. कंपनीने जून २०२२ पासून उड्डाणापूर्वी तीन तासांच्या आत आलेल्यांनाच प्रवेश देण्याचा नियम केला. २०२३ मध्ये आणखी कडक निर्बंध जाहीर झाले. ग्राहक संतापल्यावर ते काहीसे सौम्य करण्यात आले. अखेर फेब्रुवारी २०२५ पासून कार्डावरील वार्षिक भेटींना मर्यादा घालण्यात आली. सर्वांना दिलेली खास सवलत खास राहत नाही, हा धडा भारतालाही लागू पडतो.

भारत : कंपनीचे नव्हे, विमानतळाचे

भारतात एकेकाळी जेट एअरवेज आणि किंगफिशर यांची स्वतःची लाउंज होती. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये आणि जेटची एप्रिल २०१९ मध्ये थांबली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. ‘महाराजा’चे नाव लावणारी एअर इंडिया वगळता स्वतःच्या लाउंजची परंपरा भारतीय कंपन्यांत फारशी उरली नाही. आज देशातील बहुतांश लाउंज विमानतळ चालवणाऱ्या किंवा त्यांनी नेमलेल्या कंपन्यांची आहेत.

मुंबईचे टर्मिनल दोन फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले. तेथून जाणाऱ्या बहुतेक परदेशी कंपन्या आपल्या वरच्या वर्गाच्या प्रवाशांना अशाच सामायिक लाउंजमध्ये पाठवतात. म्हणजे कंपनी कोणतीही निवडली, तरी मुंबईतील प्रतीक्षा जवळपास सारखीच. फरक पडतो तो दोहा, सिंगापूर किंवा फ्रँकफर्टला उतरल्यावर. परतीच्या प्रवासातही तसेच. ज्या शहरात कंपनीचे स्वतःचे लाउंज नसते, तेथे ती दुसऱ्या कोणाचे तरी भाड्याने घेते.

तिसरा, पैशांचा मार्ग जगभर रुळला तो १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रायॉरिटी पास’सारख्या योजनांमुळे आणि १९९८ मध्ये हाँगकाँगमध्ये उदयाला आलेल्या ‘प्लाझा प्रीमियम’सारख्या स्वतंत्र लाउंजमुळे. भारतात बँकांच्या कार्डांनी तो मध्यमवर्गापर्यंत आणला. नाममात्र रक्कम वळती होऊन पोटभर जेवण मिळू लागले आणि सकाळच्या वेळी लाउंजबाहेर रांगा दिसू लागल्या. बँकांनीही आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच मोफत प्रवेश, अशा अटी घालायला सुरुवात केली आहे. कार्ड खिशात आहे म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस गेले.

कसोट्या कोणत्या?

लाउंजची पारख प्रवाशाने आपल्या गरजेवरून करावी. तीन तासांहून मोठ्या थांब्यात स्नानगृह आणि आडवे होण्याची जागा यांना पहिले स्थान द्यावे लागेल. दीर्घ प्रवासात पाय सुजणाऱ्या ज्येष्ठांना पाय वर घेऊन बसता येणारी खुर्ची छतावरच्या झुंबरापेक्षा महत्त्वाची. दुसरी कसोटी जेवणाची. पदार्थांची संख्या मोजण्यापेक्षा ते ताजे आहेत का आणि शाकाहारी पदार्थांवर स्पष्ट पाट्या आहेत का, हे पाहावे. तिसरी कसोटी अंतराची. लाउंजपासून विमानाचा दरवाजा वीस मिनिटांच्या चालीवर असेल, तर विश्रांतीचा अर्धा लाभ तेथेच संपतो. युरोपात शेंगेन क्षेत्रातील आणि त्याबाहेरील उड्डाणांचे विभाग वेगळे असल्याने आपल्या दरवाज्याच्या विभागातीलच लाउंज गाठणे श्रेयस्कर.

चौथी कसोटी मदतीची, आणि ती सर्वांत कमी चर्चिली जाते. विमान रद्द झाले की दरवाज्यावरील खिडकीपुढे शेकडो प्रवासी जमतात. अशा वेळी कंपनीच्या स्वतःच्या लाउंजमधील सेवा कक्षात तिकीट बदलून मिळण्याची शक्यता अधिक असते. भाड्याच्या वा सामायिक लाउंजमधील कर्मचाऱ्यांना तो अधिकारच नसतो. कंपनीचे लाउंज आणि पैसे मोजून मिळणारे लाउंज यांतील खरा फरक खाण्यात नाही, तो इथे आहे. याच बरोबर, अनेक लाउंजमध्ये शांतता राखण्यासाठी उड्डाणांची उद्घोषणा केली जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. व्हीलचेअरची मदत घेणाऱ्या प्रवाशाने आपल्याला केव्हा नेले जाईल, हे आत शिरतानाच सांगून व विचारून ठेवावे.

हक्क आणि सवलत

लाउंज ही सवलत आहे, हक्क नव्हे. विमानाला उशीर झाला म्हणून लाउंज द्यावेच, असे बंधन कंपनीवर नसते. मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे विलंब झाल्यास खाण्यापिण्याची आणि काही परिस्थितींत हॉटेलची सोय करणे भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. युरोपीय संघाचा २००४ चा नियमही तेच सांगतो. हा हक्क इकॉनॉमीतील शेवटच्या रांगेतील प्रवाशालाही असतो. लाउंजच्या दारातून परत फिरावे लागलेल्या प्रवाशाने तो मागायला संकोच करू नये.

कोणत्या कंपनीचे लाउंज सर्वोत्तम, या प्रश्नाचे एकच उत्तर त्यामुळे देता येत नाही. जागा आणि ऐसपैसपणा हवा असेल तर दोहा, ताजे खाणे हवे असेल तर इस्तंबूल, निवांतपणा हवा असेल तर हाँगकाँग, असे ढोबळमानाने म्हणता येईल. परंतु तिकिटाचा दर, थांब्याचा कालावधी आणि बरोबर कोण आहे, या तीन गोष्टी पाहिल्याविना केलेली निवड फसण्याची शक्यता अधिक. दोन तासांच्या थांब्यासाठी जगातील सर्वांत सुंदर लाउंजचे पैसे मोजण्यात हशील नाही. आणि सहा तासांच्या थांब्यात सत्तरीच्या आईला पाठ टेकता आली, तर सामायिक लाउंजमधील साधा दिवाणही पुरेसा आहे.